अंगठा राहिलाय

डोळे मिटा आणि असं समजा, की तुम्ही एका स्वयंपाकघराच्या दारात उभे आहात. समोर प्लंबर. त्याचा एक गुडघा ओट्यावर, एक पाय स्टुलावर, मान वळलेली, हात ताणलेला. जुना नळ त्याने नुसता हलवला तर तो हातातच आला, म्हणून पाइपाच्या तोंडावर त्याने अंगठा दाबून धरला आहे. गच्चीवर जाऊन टाकीचा कॉक बंद करा, असं तो घरमालकांना विनवतो आहे. तुम्ही काय कराल? धावत सुटाल.

घरमालक पडले चित्रकलेचे सर. ते दारातच थबकले. रविवारच्या वर्गात मॉडेल म्हणून बसणारे शेजारी आज आले नव्हते, आणि इथे इतका झकास ताणलेला माणूस आयता मिळाला होता. शिवाय तो हलणार नाही याची खात्री. त्यांनी बाहेरच्या खोलीतली सगळी पोरं कागद-पेन्सिलींसकट आत आणली आणि प्लंबरला म्हणाले, "पाचच मिनिटं." नाही म्हणून तो जाणार कुठे होता?

सरांच्या वर्गाची रीत अशी, की आधी माणूस काढायचा, मग तो कुठून आला नि कुठे निघाला याची गोष्ट सांगायची. या रीतीचा पुरेपूर फायदा वर्गातली सगळ्यांत लहान पोर, पिटुकली, घ्यायची. तिला हात जमत नसत, बोटांची केळी होत. म्हणून तिची माणसं कायम खिशात हात घालून फिरत. विचारलं की गोष्ट तयार. याला थंडी वाजतेय, त्याच्या खिशात मांजराचं पिल्लू आहे. एकदा तर तिने अख्खं बँडपथक हात मागे बांधून उभं केलं होतं, कारण वाद्यं चोरीला गेली होती. सरांना हसू यायचं, पण मनात रुखरुखही लागायची. या पोरीला एक तरी हात जमायलाच हवा.

"आज खिसे बंद," सर तिला म्हणाले. "पाचही बोटं मोजून काढायची."

पिटुकली मान मोडून कामाला लागली. चार बोटांपाशी अडली.

"काका, अंगठा दिसत नाही."

"तो कामात आहे, बाळ."

"पण सर म्हणालेत पाचही. जरा दाखवा ना."

प्लंबर घरी दोन मुलींचा बाप. मुलीने मागितलं की द्यायचं, ही हाताला सवय. त्याने अंगठा दाखवला.

धार थेट समोरच्या कपाटावर आदळली. चित्रांचा लगदा झाला, पोरं किंचाळत बाहेर पळाली. प्लंबरने सरांना ओट्यावर चढवलं, त्यांचा अंगठा पाइपावर टेकवला आणि तो गच्चीकडे धावला. आता सरांचा एक गुडघा ओट्यावर होता, एक पाय स्टुलावर.

पिटुकली मात्र कोरडा कागद शोधून परत आली. "सर, हलू नका."

थोड्या वेळाने वरून प्लंबरची हाक आली, की कॉक बंद झाला. तेवढ्यात सरांच्या बायको बाजारातून परतल्या. स्वयंपाकघरातून तरंगत येणाऱ्या चपलेकडे त्यांनी आधी पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अहो, बंद झालंय म्हणतोय तो. हात काढा की आता."

"थांब जरा," सर हळूच म्हणाले. "हिची चार बोटं झालीत. अंगठा राहिलाय."

बाईंनी वाकून कागद पाहिला. त्यात एकही केळं नव्हतं. मग त्याही पिशवी टेकवून तिथेच थांबल्या.

पिटुकलीने पेन्सिल कानामागे खोचली. मोरीतली बादली ओढत आणून तिने पाइपाखाली लावली, कागद पाठीमागे लपवला, दोन पावलं मागे सरकली आणि म्हणाली, "हं सर, आता दाखवा."