समतेचा माठ

सन एकोणीसशे एकाहत्तरच्या जून महिन्यात, तोरण्याच्या पायथ्याच्या एका चौथीपर्यंतच्या शाळेत साळू नावाच्या मुलीला तहान लागली. या घटनेची कार्यालयीन दखल पुढे सात महिने घेतली जात होती.

शाळेला शिक्षक एक, वर्ग चार आणि माठ एक. मुलं ओगराळ्यानं पाणी काढून पीत. साळूला मात्र कुणीतरी वरून ओंजळीत ओतायचं, आणि ओतणारा नसेल तर तिनं थांबायचं, असा रिवाज होता. त्या दिवशी ती थांबली नाही. तिच्याच वर्गातल्या गेनूनं तिच्या हातातलं ओगराळं हिसकावलं आणि तिला जातीवरून हाक मारली. हाक बाकीच्या मुलांनाही आवडली, त्यांनी ती आठवडाभर चालवली.

साळूची आई सगुणाबाई शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहिली. "पोरगी उद्यापासून न्हाई यायची, गुरुजी. बुद्धाला हात जोडून पंदरा वर्सं झाली आमाला. पोरास्नी अजून जुनंच नाव ठावं."

कुंडलिक गुरुजी भला माणूस. साळू वर्गात सर्वांत हुशार, तीसपर्यंत पाढे पाठ. "थोडा धीर धरा बाई," ते म्हणाले, "मी बंदोबस्त करतो." मुलांना समोर बसवून चार शब्द सांगावेत, असं त्यांच्या मनात आलं होतं. पण अशा बाबतीत परस्पर काही करू नये, आधी वर कळवावं, हे नोकरीनं त्यांना शिकवलं होतं. त्यांनी वर कळवलं.

वरून छापील नमुना आला. रकाना चार : 'उच्चारलेला अपशब्द, जसाच्या तसा.' खाली टीप : 'शासकीय पत्रव्यवहारात अपशब्द लिहिणारा कर्मचारी कारवाईस पात्र राहील.' गुरुजींनी रात्रभर विचार करून 'नेहमीचाच' असं लिहिलं. उलट टपाली विचारणा झाली, 'नेहमीचाच म्हणजे कोणता? आणि नेहमीचा होता, तर आजवर का कळवला नाही?'

शेवटी वेल्ह्याहून एसटीनं विस्तार अधिकारी साहेब स्वतः आले. त्यांनी माठाभोवती एक फेरी मारली.

"याला हात लावू नका, गुरुजी. गाव नाराज होईल, आणि नाराज गावात समता कशी नांदणार? समतेसाठी वेगळा माठ घ्या."

वेगळा माठ आला. त्यावर पांढऱ्या रंगानं 'समता' लिहिलं. उद्घाटनाला साळूच्या हातून साहेब पाणी प्याले, सरपंच चिमाजीही प्याले. चिमाजींनी घोट तोंडात घेतलेला सगळ्यांनी पाहिला, गिळलेला कुणी पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळी मुलं जुन्या माठावर गेली आणि समतेला साळू एकटी उरली.

"ए समता," गेनू म्हणाला, "तुजा माठ तकडं हाय."

जुना अपशब्द शाळेतून समूळ गेला होता. साहेबांनी तशी नोंद घेतली.

मग एके दिवशी जुना माठ धुताना गुरुजींच्या हातून सटकला. निदान नोंदवहीत तरी त्यांनी 'सटकला' असंच लिहिलं. मुलांनी दुपारपर्यंत कळ काढली. दोनच्या सुमाराला गेनू समतेपाशी येऊन घुटमळला.

"साळे, दे की वाईच."

"वरनं वतू का?" साळूनं विचारलं.

सगळा वर्ग खदखदा हसला, गेनूसुद्धा. तिनं ओगराळं त्याच्या हातात दिलं. मागोमाग रांग लागली. गुरुजी फळ्याकडे तोंड करून कोराच फळा पुसू लागले.

त्या रात्री घराघरांत ही बातमी पोचली. सकाळी प्रत्येक मूल घरून भरलेला तांब्या घेऊन आलं. साहेब तपासणीला आले, तांब्यांची रांग पाहून गहिवरले.

"प्रत्येकाला स्वतःचा तांब्या. यापेक्षा समान आणखी काय असतं?" आणि आदर्श उपक्रम म्हणून समतेचा माठ त्यांनी भोरला प्रदर्शनासाठी नेला.

साळू रिकाम्या हातानं आली होती. घरात तांब्या एकच, तो आई रानात घेऊन गेलेली. मधल्या सुट्टीत ती गुरुजींच्या टेबलाशी आली.

"म्या कशातनं पिऊ, गुरुजी?"

"अगं, माझ्या तांब्यातून पी की," गुरुजी मनापासून म्हणाले.

ती तोंड लावून प्याली, तांब्या जागेवर ठेवला. जरा वेळानं गुरुजींना तहान लागली. त्यांनी तांब्या उचलला, खिडकीबाहेर थोडं पाणी घालून तो विसळला आणि मग पाणी प्याले. मान वळवली तर साळू बघत होती.

"सकाळी त्येचा सांडला म्हून गेनू प्याला ह्यातनं," ती हळूच म्हणाली. "तवा न्हाई इसळला."

"स्वच्छता, बाळ. आरोग्याचा पाठ आहे ना आपल्याला."

"व्हय, गुरुजी."

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. शाळेत एकही तक्रार शिल्लक राहिली नाही म्हणून जानेवारीत शाळेला प्रशस्तिपत्रक मिळालं.

तांब्या विसळण्यामागे स्वच्छतेखेरीज दुसरा हेतू नव्हता, असा खुलासा गुरुजींनी स्वतःशीच अनेकदा केला. ज्या वाचकांना तो पटला असेल, त्यांनी खाली सही करण्याची तसदी घेऊ नये. आपली सही केव्हाच झालेली आहे.