दाजिबा भेकराचं चोंदलेलं नाक

बाळांनो, एका जंगलात, जिथे वाघापेक्षा सर्दी जास्त वेळा यायची, तिथे दाजिबा नावाचं एक भेकर राहत होतं. वाघाचा वास आला की भुंकून चितळांच्या कळपाला सावध करायचं, ही त्याची नोकरी. वशिल्याची नव्हे, नाकाच्या जोरावर मिळवलेली.

एकदा ते नाकच चोंदलं. कपाळ जड झालं. कळपाच्या म्होरक्या चितळीणबाई म्हणाल्या, “दाजिबा, पंधरा दिवसांत नाक सुरू झालं नाही, तर वानराला ठेवू. तो झाडावरून बघतो तरी.”

तिसऱ्या दिवशी दाजिबा डॉक्टर अस्वलांकडे गेला. अस्वलांनी गाल दाबले, वाकायला लावलं, घसा पाहिला, ताप पाहिला.

“सर्दीनं सायनस तुंबलंय. दहा दिवसांत उतरेल. नाही उतरलं, किंवा बरं वाटून पुन्हा ताप भरला, तर लगेच या. तोवर वाफ घ्या.”

“आणि औषध?”

“सध्या गरज नाही.”

“वाफ तर आमची बायकोसुद्धा देते, डॉक्टर!”

“मग घेत जा की.”

आता त्या जंगलाची रीत अशी, की टोचून घेतल्याशिवाय कोणाला आजारी धरत नसत.

“सुई नाही दिली?” चितळीणबाईंनी डोळे बारीक केले. “म्हणजे ढोंगच की हो तुमचं!”

नोकरीच्या काळजीनं दाजिबा आठव्या दिवशी डॉक्टर साळिंदरांकडे गेला. साळिंदरांनी त्याला लांबूनच पाहिलं आणि कपाळाला पंजा लावला. स्वतःच्या.

“आधी कोणाकडे होतात? अस्वलाकडे? तरीच! आणखी एक दिवस गेला असता, तर मेंदूत शिरलं असतं.”

असं म्हणून त्यांनी अंगावरचा सर्वांत लांब काटा उपसला आणि दाजिबाच्या मागच्या मांडीत खुपसला.

दहाव्या दिवशी नाक मोकळं झालं. दाजिबाची नोकरी वाचली. जंगलभर साळिंदरांचा जयजयकार झाला. अस्वलांच्या गुहेसमोर गवत उगवलं.

अकराव्या दिवशी वाघाचा वास आला. दाजिबा जीव तोडून भुंकला. सगळा कळप पळाला. दाजिबाला मात्र पळता येईना. मांडी भोपळ्याएवढी सुजली होती.

शोकसभेत चितळीणबाई बोलायला उठल्या.

“दाजिबा गेले,” त्या म्हणाल्या, “पण नाक मोकळं होऊन गेले. डॉक्टरांचे उपकार आहेत.”

अध्यक्षस्थानी साळिंदर होते. त्यांनी मान लववली.

तात्पर्य : आपोआप बरा होणारा आजार डॉक्टरांनी आठव्या दिवसाआधी तपासू नये. निदान बरोबर ठरतं आणि दवाखाना बसतो.