टायटल संपलं की उठणारे खलीलमामू

आमचे खलीलमामू नांदेडच्या टॉकीजात तिकीट काढून जातात, सुरुवातीची नावं बघतात आणि पिक्चर सुरू झाला की उठतात. रांगेतल्या सगळ्यांना पाय आखडून घ्यावे लागतात. एकदा एकानं वैतागून विचारलं, "काय चाचा, चुकून आलात काय?"

मामू म्हणाले, "न्हाई. माझा संपला."

लोह्यात मामूंचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. धंदा पेंटरचा. फ्लेक्स आला, पाट्या गेल्या, तेव्हापासून ते लग्नाच्या व्हिडिओची टायटलं करतात. तीही काँप्युटरवर नाही. काळ्या पुठ्ठ्यावर ब्रशनं एकेक नाव, त्याचा फोटो, मग तो व्हिडिओत. रुसक्या आत्याच्या नावाला वेलबुट्टी जरा जास्त, म्हणजे ती भांडत नाही.

पिक्चरच्या कथेशी त्यांना घेणंदेणं नसतं. मी एकदा विचारलं, "मामू, हिरो शेवटी मेला का?"

"मला काय माहीत बी.ए.? पर अक्षरं लई दुबळी होती. धापा टाकून राहिली होती."

मला ते बी.ए.च म्हणतात. आमच्या खानदानात पदवी घेणारी मी पहिली. हे मी कुठंही सांगते, म्हणून इथंही सांगितलं.

मामूंचा एक नियम आहे. घरातल्या सगळ्यात हळू वाचणाऱ्या माणसाचं वाचून होईपर्यंत नाव हलवायचं नाही. त्यासाठी ते पुठ्ठे घेऊन लग्नघरी जातात, म्हाताऱ्यांकडून वाचून घेतात आणि बोटांवर मोजतात. उमरीच्या एका लग्नाच्या व्हिडिओत नावं संपेपर्यंत पाहुण्यांचा चहा झाला, कपबशाही विसळून झाल्या.

मग माझं लग्न झालं. आमच्या घरात सगळ्यात हळू वाचणारी माझी माय. तिला अक्षरं मीच शिकवली, तीही बी.ए. झाल्यावर. सगळी गल्ली तिला 'बी.ए.ची माय' म्हणते. नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. तिनं मामूंना एकच सांगितलं, "खलीलभाऊ, टीव्हीवर माझं नाव मी वाचणार. कुणी सांगायचं न्हाई."

आता तिचं नाव तिला न दाखवता मोजायचं कसं? मामूंनी पुठ्ठ्यावर तेवढ्याच अक्षरांचं 'कोथिंबीर' लिहिलं. मायनं घाम पुसत वाचलं. बोटं भरली चौदा.

व्हिडिओ जोडणाऱ्या मिक्सिंगवाल्यानं कपाळाला हात लावला. "मामू, लोक मोबाईलवर बघून राहिलेत. एका नावाला दोन सेकंद बास."

"काप तू. मी हाय इथंच," म्हणून मामू स्टुलावर बसले. दुपारचा डबाही तिथंच मागवला. संध्याकाळी त्यानं हात जोडले आणि चौदा सेकंद दिले.

व्हिडिओ बघायला आमच्या घरी सगळी भावकी जमली. मायचं नाव आलं आणि थांबलं. चुलते म्हणाले, "अडकलं वाटतं. तो रिमोट दे इकडं."

मी रिमोट मांडीखाली घातला.

"अ... नु..." मायचं बोट हवेत फिरत होतं. "स..."

"अगं, अनु..." चुलत्यांनी तोंड उघडलं.

"गप बसा की भाऊजी!" माय खेकसली. "या." मग तिनं सगळं नाव एकदा सलग म्हटलं, कुणाला तरी हाक मारावी तसं. "अनुसया." आणि पुढचं नाव आलं.

नावं संपली, नवरदेव घोड्यावर आला आणि मामू उठले. मी त्यांना अंगणात गाठलं. "मामू, आज तरी बसा की. माझं लग्न हाय ते."

मामू चप्पल शोधत राहिले. मग म्हणाले, "जळकोटच्या एका पार्टीनं पिक्चर काढला होता. टायटलं माझी. आभाराच्या पाटीत तुझ्या मामीचं नाव घातलं, जुबेदा. ती तवा नुकती वाचायला शिकली होती. 'जु... बे...' म्हणली आणि पाटी गेली. मी म्हणलं, उद्या परत येऊ. दुसऱ्या दिवशी गेलो तर पिक्चर उतरला होता."

मामींना मी फोटोतच पाहिलंय.

मामूंना चप्पल सापडली. ती पायात सरकवत त्यांनी विचारलं, "तुझ्या मायचं शेवटचं अक्षर झालं का गं? मला नीट ऐकू आलं न्हाई."

"झालं, मामू. वर सगळं नाव एकदा म्हणली."

"हाव?" ते फाटकापाशी जरा थांबले. "जा मंग. आता लग्न बघा तुम्ही."