पाटणच्या मयतीला निघालेली भट्टी

विट्यात गाड्यांचं कौतुक कुणाला नाही! गल्लीतला एकेक जण परमुलखात सोनं गाळायचा धंदा करतो आणि दिवाळीला येताना घराएवढी गाडी घेऊन येतो. पण बॅटरीवरची, बिनआवाजाची, बिनधुराची गाडी आमच्या गल्लीत पहिली आली ती माझ्या दारात! मी झिशान. गाद्या-उशांचं दुकान आहे माझं. गिऱ्हाईक यायचं उशी घ्यायला आणि माझ्या गाडीच्या हीटरचं वर्णन ऐकून जायचं.

"अंथरुणातनं मोबाईलवर बटण दाबायचं. आपण चहा पिऊन बाहेर येईपर्यंत गाडी आतनं ऊबदार! कोंबडी अंड्यावर बसल्यागत!"

बायको नौशीन म्हणायची, "आवं, विट्यात थंडी असती किती दिवस?"

असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नसतो.

जानेवारीतल्या एका सकाळी पाटणहून चुलतभाऊ दानिशचा फोन आला. याकूबचाचा, म्हणजे त्याचे वडील, पहाटे झोपेतच गेले होते. जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजनंतर दफन. निघा म्हणाला.

फिरदोसफुफी आमच्याकडंच राहते. याकूबचाचाची सख्खी धाकटी बहीण. तिला सांगितलं तेव्हा ती चुलीपुढं बसली होती. रडली नाही. एवढंच म्हणाली, "परवाच फोनवर इचारत हुता, येतीस कवा म्हणून. मी म्हणलं, थंडी कमी झाली की येते."

मग काठी घेऊन उठली. "चल. त्याचं तोंड दिसलं पायजे मला. बाकी काय न्हाई."

बाहेर धुकं आणि झोंबणारा गारठा. मी मोबाईलवर बटण दाबलं, हीटर पूर्ण वर. फुफीनं स्वेटर, त्यावर बुरखा, त्यावर शाल घेतली. घाईत नौशीनचा फोन घरीच चार्जिंगला राहिला. गाडीत बसताना फुफी म्हणाली, "ऊब बरी हाय रं." दुःखाच्या प्रसंगीसुद्धा माझी छाती इंचभर फुगलीच.

कडेगाव यायच्या आधी ऊन पडलं. मी हीटर बंद करायला गेलो. बंद होईना! कमी करून बघितला, होईना. स्क्रीन गोठलेली आणि हीटर पेटलेला! फटींतून असली हवा यायला लागली, जणू कुणी तोंडापुढं वीटभट्टीचं दार उघडलंय!

"काचा खाली घ्या!" नौशीन ओरडली.

घेतल्या. तिथं रस्त्याचं काम चाललेलं. लाल फुफाटा आत. घामानं भिजलेल्या तोंडावर तो असा बसला की मिनिटभरात आम्ही तिघं शेंदूर थापलेल्या दगडांसारखे दिसायला लागलो. काचा वर घेतल्या की भाजायचं, खाली घेतल्या की पुरायचं!

मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. एक बाई गोड आवाजात म्हणाल्या, "सर, गाडी बंद करून थोडा वेळ थांबा आणि पुन्हा सुरू करा."

केलं. हीटर विश्रांती घेतल्यासारखा दुप्पट जोमानं सुरू झाला.

"मग सर, सोमवारी वर्कशॉपला आणा."

"मॅडम, मयत सोमवारपर्यंत थांबत न्हाई!"

"आपल्या संयमाबद्दल धन्यवाद, सर."

फुफीचं डोकं मागं टेकलं होतं. शाल काढ म्हटलं तरी काढेना. डोळे मिटून म्हणाली, "म्हणलं हुतं त्याला, थंडी कमी झाली की येते. झाली बघ कमी."

नौशीननं तोंड फिरवलं. मीही रस्त्याकडं बघत राहिलो.

आणि आता बॅटरीही झरझर उतरायला लागली! हीटर गाडीपेक्षा जास्त वीज पीत होता. पाटणपर्यंत पुरणार नाही हे दिसत होतं. दानिशला कळवायला फोन लावला.

"दानिश, आमी भाजतोय रं! गाडी नुसती पेटलीया! फुफीचं तर काय खरं न्हाई, नौशीन पण…"

एवढ्यात फोन बंद पडला. तो हीटरच्या तोंडापुढंच अडकवलेला, तापून गप्प झाला तो पुन्हा सुरूच झाला नाही. दानिशचा नंबर मला पाठ नाही. तुम्हाला तरी कुणाचा पाठ असतो का?

कराडला एका हॉटेलच्या आवारात चार्जिंगची सोय होती. तिथं आधीच एक गाडी लावलेली आणि तिचा मालक आत निवांत जेवत होता. त्याला हातापाया पडून उठवलं. माझं लाल तोंड बघून तो न बोलताच निघाला. मग आमची गाडी लावली. फुफी लिंबाच्या सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली. नौशीन तिचे पाय चेपत होती. आणि जवळच्या मशिदीतून जोहरची अजान ऐकू आली.

फुफीनं डोक्यावरची शाल सारखी केली. अजान संपेपर्यंत ओठ हलत होते. मग अगदी हळू म्हणाली, "नेला का गं त्याला?"

नौशीन तिचे पाय चेपतच राहिली. मी पाणी आणायच्या निमित्तानं लांब गेलो. इतके दिवस गिऱ्हाइकांना ऐकवलेली सगळी बढाई आठवली. एका म्हातारीला तिच्या भावाचं शेवटचं तोंड दाखवायचं, एवढंच काम होतं त्या गाडीला!

जेमतेम पोचण्यापुरती बॅटरी झाली तसे निघालो. हीटर तेवढा बोलत होता.

पाटणला चाचाच्या घरासमोर गाडी थांबली आणि माणसांची भिंतच पुढं सरकली. आम्ही घामानं थबथबलेले, तोंडं लाल, केस धुळीनं ताठ. बायकांनी एकच हंबरडा फोडला! दानिश धावत आला आणि माझे हात, खांदे, पाठ चाचपायला लागला.

"कुठं भाजलंय? जिवंत हाईस न्हवं? फुफी कुठाय?"

"हीटर बिघडला रं! फक्त हीटर!"

"हीटर? तू म्हणालास गाडी पेटली!"

फोन तुटल्यावर त्यानं घरात सांगितलं होतं की गाडीला आग लागून तिघंही गेले. चार पोरं मोटारसायकलवर जळकी गाडी शोधत फिरत होती. आणि मौलानांनी मंडळींना सांगितलं होतं, "थांबा. आता चौघांच्या मयतीची नमाज एकदमच पढू."

म्हणजे चाचा अजून घरातच होता!

फुफीला दोघांनी धरून आत नेलं. कफन बाजूला केलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग बोटानं त्याच्या भुवया सारख्या केल्या. "आले बाबा," म्हणाली, "उशीर झाला," आणि तिथंच मोठ्यानं रडली. सकाळपासून पहिल्यांदा.

दफन करून आम्ही परतलो. अंगणात बसलो होतो, तेवढ्यात कबर खणणारा मकबूलभाई मान खाली घालून आला.

"झिशानभाई, राग मानू नका. दानिशनं तीन आणखी सांगितल्या हुत्या. एक खणून झाली, दुसरी गुडघ्याएवढी हाय. आता बुजवू का?"

मला ती पहिली आठवली. चाचाच्या शेजारी चांगली लांबलचक.

"एवढी लांब कशाला खणली?"

"तुमच्या मापाची हाय ती. तुमी उंच, म्हणून आधी घेतली उरकून."

सबंध दिवसात तेव्हा पहिल्यांदा मला थंडी वाजली!

दाराशी बसलेली फुफी डोळे पुसत म्हणाली, "अर्धी हाय ती बुजवा. लांबडी राहू द्या. याकूबच्या शेजारची हाय न्हवं? मला चालंल."

दानिश कसाबसा म्हणाला, "फुफी, असं बोलू नये."

"का? कवातरी यायचंच हाय की मला." फुफीनं माझ्याकडं एकदा नीट बघितलं. "फकस्त ह्याच्या गाडीतनं आणू नका."

आणि माझी लग्नाची बायको, माझ्या शेजारी बसलेली, दुआ संपल्यावर फिरवतात तसे दोन्ही हात तोंडावरून फिरवत म्हणाली, "आमीन!"