मगदूम मॅडमचा फळा

आमच्या कॉलेजच्या फाटकाशी सुविचाराचा एक फळा होता. मी मराठी शिकवणारा, म्हणून खडू माझ्याकडे. एका सकाळी ‘श्रमाचे फळ गोड असते’ लिहायला गेलो, तर फळा भरलेला : ‘काल सायकल स्टँडवर एका मुलीची ओढणी ओढली. ओढणारा सापडलेला नाही. पोरींनी जोडीनं जावं.’ माझ्या श्रमाच्या फळाला बोटभरही जागा नव्हती.

हा उद्योग मगदूम मॅडमचा. शिकवायच्या प्राणिशास्त्र, राहायच्या शिवाजी पेठेत, एकट्या. पन्नाशी उलटलेली, साडीखाली कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. कुठं खुट्ट झालं की शिट्टी वाजायची. एकदा जिन्याखाली सावली हलली म्हणून वाजवली, तर चपलेचा तुटलेला अंगठा चाचपत प्राचार्यच बाहेर आले.

"मॅडम, अशानं कॉलेजची अब्रू जाते," प्राचार्य म्हणायचे.

"झाकलं की कुजतंय, सर."

"तुमच्या प्रयोगशाळेत सगळं बरण्यांत झाकूनच ठेवलंय की!"

"ते मेलेलं हाय. पोरी जित्या हाईत."

एस.टी.नं येणाऱ्या पोरींना त्यांचा आणखी एक नियम होता. गावात उतरलं की फोनच्या बूथवरून मॅडमच्या घरी एक रिंग द्यायची आणि ठेवायचं. मॅडम फोन उचलायच्या नाहीत. गाडी पोचली एवढं कळलं की झालं. रिंगला उशीर झाला की त्या स्वतः एस.टी. स्टँडवर जाऊन कंट्रोलरचं डोकं खायच्या.

कॉलेजात तपासणी समिती यायची होती, त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. हुपरीची सुजाता स्टाफरूममध्ये आली ती लटलट कापतच. ग्रंथालयामागच्या अंधाऱ्या बोळात दोघांनी हात धरून तिची वाट अडवली होती. मॅडमनी खडू उचलला, तशी ती रडायलाच लागली.

"लिहू नका, मॅडम. नाव नसलं तरी कळतंय, मला तिकडं जाताना पोरींनी बघितलंय. बाबांच्या कानावर गेलं तर कॉलेज बंद. घरी चांदीचे पैंजण घडवायला बसवतील आणि स्थळं बघतील."

मॅडमनी खडू परत खाली ठेवला. मी त्यांना खडू असा खाली ठेवताना कधी पाहिलं नव्हतं. लिहावं तर हिचं शिक्षण संपलं, न लिहावं तर उद्या त्याच बोळात दुसरी कुणी.

सकाळी मी धावतच फाटकाशी गेलो. फळ्यावर ठळक अक्षरांत होतं : ‘काल ग्रंथालयामागच्या बोळात दोन पोरांनी मगदूम मॅडमचा हात धरून वाट अडवली. बोळात दिवा नाही. मुलींनी तिथून जाऊ नये.’

कॉलेजभर खसखस पिकली. "पोरं आंधळी होती काय?" इथपासून सुरुवात. कुणीतरी फळ्याखाली गुलाबाचं फूलही ठेवलं. समितीनं मात्र फळा वाचला आणि थेट बोळ दाखवा म्हणाली. दुपारपर्यंत तिथं दिवा लागला, वॉचमन उभा राहिला. संध्याकाळी प्राचार्यांनी मला मॅडमच्या घरी पाठवलं. फळा आजपासून बंद, एवढं सांगून यायचं होतं.

मी सांगितलं.

"दिवा लागला न्हवं? मग फळा गेला तर गेला."

"पण मॅडम, लोक तुम्हाला हसतायत."

"हसू देत की. तिला न्हाईत न्हवं हसत?" त्या म्हणाल्या आणि पदरानं टेबलावरचा फोन पुसायला लागल्या. मला फार वाईट वाटलं.

फोन एकदा वाजून थांबला. "शिरोळची गाडी पोचली," मॅडम म्हणाल्या.

"ह्यावर कुणी बोलतं की नाही कधी?"

"माझ्याशी बोलायला कोण फोन करतंय?"

थोड्या वेळानं पुन्हा वाजला आणि थांबेचना. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. "हुपरीच्या गाडीची येळ हाय. काय झालं असंल हो?" त्यांनी झडप घालून रिसीव्हर उचलला. "सुजाता? काय झालं गं?"

खोलीत इतकी शांतता होती, की पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"काय न्हाई, मॅडम. मी पोचलो. तुमी पोचलासा न्हवं घरी?"

"पोचलो गं," मॅडम कशाबशा म्हणाल्या. पलीकडून फोन ठेवल्यावरही त्या कितीतरी वेळ रिसीव्हर कानाशी धरून बसल्या होत्या.