थंड माणसांचे भोईरमामा

भाईंदर पूर्वेच्या आमच्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टीचा एसी कधीच चालू सापडत नाही, कारण भोईरमामा तो बंद करतात. मे महिन्यातसुद्धा! मामा आमचे ईसीजी टेक्निशियन, राहणार उत्तनजवळच्या डोंगरी गावचे. पेशंट जरा बरळला, की आधी त्याच्या पोटाला हात लावणार. "हात सगल्यांचेच थंड असतात, बाय. पोट बघायचा." एकदा घाईत त्यांनी पेशंटच्या मेव्हण्याचं पोट तपासलं.

ईसीजीची पट्टी मात्र त्यांना स्वच्छ लागते. पेशंट नुसता हलला तरी ओरडतात, "फुकट घालवलीस पट्टी!"

जानेवारीत एका सकाळी उत्तनकडून एक खलाशी आला. होडीतून पडून रात्रभर जाळ्याच्या तरंगत्या बोयाला लटकलेला. गार, पण कापत नव्हता. मी थर्मामीटर लावला, तर आकड्याऐवजी नुसता 'L'. बॅटरी गेली म्हणून मी दुसरा आणला. तोही 'L'. सहा वर्षं नर्स असलेली मी, तिसरा शोधायला निघाले!

मामा ओरडले, "अगो, मशीन बरा हाय! तोच थंड हाय! बत्तिसाच्या खालचा आकडा त्यात न्हाय!"

नाडी अडतीस, श्वास संथ. दोघं वॉर्डबॉय त्याला उचलायला धावले, तर मामा गरजले, "हलू! थंड कालीज धक्क्यानं थांबतं!" पट्टीवर ठोके लांब लांब, आणि प्रत्येक उंच टोकाच्या उतारावर एक छोटा उंचवटा. गारठलेल्या काळजाची ती खूण बघून डॉक्टरांनी खालचे आकडे दाखवणारा थर्मामीटर मागवला. एकोणतीस अंश! धडधाकट माणसाचं सदतीस असतं. लगेच कोमट सलाईन, ब्लँकेटं सुरू झाली.

मामा दर पंधरा मिनिटांनी पट्टी काढत होते. मधल्या वेळात दारापर्यंत जा, परत ये, ब्लँकेट सारखं कर. मी वैतागले. "मामा, बसा ना! मला गरगरतंय."

"माझ्या भावाला असाच आणला व्हता, जेट्टीवं," मामा चालता चालताच म्हणाले. "नाडी लागली न्हाय. मीच तोंडावं चादर ओढली. मागनं हा काम शिकलो तवा कललं, थंड माणूस नाडी न लागता बी जिता असू शकतो. गरम करून बघितलाच न्हाय गो त्याला."

मला फार वाईट वाटलं. मी ब्लँकेटचं दुसरं टोक खोचलं.

दुपारी चारच्या सुमाराला खलाशाचे दात वाजायला लागले. मग खाटच हलायला लागली. पट्टीवर नुसत्या गिचमिड रेघा उमटल्या.

"कापतंय, बाय. कापतंय," मामा म्हणाले. "आंग आता सोताच गरम व्हतंय."

ती फुकट गेलेली पट्टी मामांनी नीट घडी करून खिशात ठेवली, आणि दिवसभरात पहिल्यांदाच ते स्टुलावर बसले.