पिवळे नळ

वेनिंगला मागणी घालायला मुलाकडची मंडळी येणार होती. त्या सकाळी तिच्या आईने, मुर्नीने, घरातली कामं वाटून दिली आणि वडिलांच्या, म्हणजे सुतर्जोंच्या वाट्याला नळ आले. सुतर्जो पोस्टातून निवृत्त झालेले. घरात त्यांना जोखमीचं काम कुणी देत नसे, आणि नळ पुसण्यात कसली आलीय जोखीम, असं मुर्नीला वाटलं.

"ओल्या फडक्याने पुसायचं, मग कोरड्याने. डोकं चालवायचं नाही, पाक," तिने बजावलं. जावात वडिलांना किंवा कुठल्याही वडीलधाऱ्या पुरुषाला पाक म्हणतात, बाईला बू.

बजावण्याला कारण होतं. मुलाची आई, बू हर्तिनी, स्वच्छतेसाठी सगळ्या सेमारांग शहरात कुप्रसिद्ध होत्या. भाच्याचं जमत आलेलं लग्न त्यांनी मुलीकडच्या हौदात शेवाळ दिसलं म्हणून मोडलं होतं. त्यात मंडळी यायची ती अस्रच्या, म्हणजे उतरत्या दुपारच्या नमाजाच्या तोंडावर. म्हणजे वजूसाठी, नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायला, एकेक जण न्हाणीघरात जाणार आणि नळापुढे वाकणार, हे ठरलेलंच. वेनिंगला मुलगा मनापासून आवडला होता, त्यामुळे सकाळपासून ती घरभर डाग शोधत फिरत होती.

सुतर्जोंनी सांगितल्याप्रमाणे फडकं फिरवलं. क्रोमचा नळ चमकला, पण त्याच्या मानेवर खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग तसेच राहिले. इथे सुतर्जोंना त्यांची आई आठवली. पितळेची किटली ती चिंच आणि भाताच्या तुसाची राख लावून अशी घासायची की तीत तोंड बघून भांग पाडावा. घरात चिंच होती, राखेची पुडी होती आणि वेळही होता. पण आधी डाग जरा सैल व्हावेत म्हणून त्यांनी फरशीचं ॲसिड चोळलं. डाग गेले. डागांबरोबर क्रोमही गेलं.

"पाक, हे काय केलंत?" वेनिंग दारात उभी होती.

"डाग काढले."

"आणि हा पिवळा पट्टा?"

"तो आतलाच आहे. अस्सल पितळ. दुकानदाराने फसवलं नव्हतं गं आपल्याला."

वेनिंगने भोकाड पसरलं. ते ऐकून मुर्नी हाताला लागलेला चिकट भात तसाच घेऊन धावत आली. तिने नळ पाहिला, मग नवरा पाहिला. नवा नळ आणता आला असता, पण तो बसवणारा माणूस रविवारी कुठून मिळणार? तिने हाताचा भात झटकला. तिचं डोकं ठिकाणावर होतं.

"आता अर्धवट सोडू नका," ती म्हणाली. "हा घासा, स्वयंपाकघरातला घासा, अंगणातलाही घासा. एक पट्टा पिवळा दिसला तर तो घोळ. सगळंच पिवळं दिसलं तर ती आवड."

सुतर्जो कंबर कसून बसले. ॲसिड, मग चिंच, मग राख. मंडळी केळ्यांचा घड आणि साड्यांसारखी घडी घातलेली बाटिकची कापडं घेऊन दारात आली, तेव्हा घरातले सगळे नळ झगझगत होते आणि सुतर्जोंची नखं काळी होती.

चहा झाला आणि बू हर्तिनी वजूला उठल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. तोंडावरचं पाणी तसंच.

"ते नळ कुणी निवडले?"

वेनिंगने आईचा हात घट्ट धरला.

"नळांचं सगळं हेच बघतात," मुर्नी म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं.

बू हर्तिनी नवऱ्याकडे वळल्या. "बघून या जरा! याला म्हणतात आवड. नाहीतर तुम्ही. गेल्या रमजानात नळ पुसायला सांगितले, तर पट्टे पट्टे करून ठेवलेत!"

नवरा, पाक दार्सोनो, न्हाणीघरात गेले. परत येऊन त्यांनी सुतर्जोंचे दोन्ही हात हातात घेतले आणि नखांकडे पाहत राहिले.

"आधी ॲसिड की आधी राख?" त्यांनी हळूच विचारलं.

"आधी ॲसिड."

"मी पट्ट्यापाशीच घाबरलो हो," दार्सोनो म्हणाले.

लग्न ठरलं. बू हर्तिनींनी अट एकच घातली. मुलांच्या नव्या घरात अगदी असेच नळ हवेत, आणि ती जबाबदारी पाक सुतर्जोंनी घ्यावी. सोबतीला त्यांचे हे येतील, तेवढंच चार गोष्टी शिकतील.

पुढच्या रविवारी नव्या घराच्या न्हाणीघरात दोघे व्याही लुंग्या खोचून पाटांवर बसले. समोर क्रोमचे कोरे करकरीत नळ. एकावरही डाग नव्हता.

"कडी लावलीत ना आतून?" दार्सोनोंनी विचारलं.

"लावली," सुतर्जो ॲसिडचं बूच उघडत म्हणाले. "घासा आता. डोकं चालवायचं नाही."